बोटांना धरायला

खुर्ची आत आणायला चौघं लागले आणि चौघांची चार तोंडं. "तुझी बाजू उचल," "अरे, माझं बोट अडकलं," "चौकट जाईल, चौकट!" असं करत त्यांनी ती समितीच्या दालनात मधोमध टेकवली आणि कपाट पोचवलेल्या हमालांसारखे हात झटकत निघून गेले. समितीची लघुलेखिका तेव्हा पेन्सिलींना टोक करत होती. तीन पेन्सिली वहीच्या वरच्या अंगाला आडव्या ठेवायच्या, चौथी हातात धरायची, ही तिची बावीस वर्षांची सवय. दालनात ध्वनिमुद्रणाचं यंत्र होतं. पण यंत्राला काय बोललं ते कळतं, कोण बोललं ते कळत नाही, आणि दोघं एकदम बोलले तर काहीच कळत नाही; म्हणून तिची नोकरी अजून शाबूत होती. तिनं मान वर केली ती अध्यक्ष आले का ते बघायला. मध्ये खुर्ची आली. काळी, उंच पाठीची, खाली चाकं, आणि छाती, कंबर, मनगटं, घोटे यांच्यासाठी रुंद काळे पट्टे, सगळे सुटे लोंबणारे. खुर्चीचं चित्र वर्तमानपत्रात येऊन गेलं होतं, त्यामुळे तिला त्याचं काही वाटलं नाही. पण हाताच्या पट्ट्याखाली, जिथे बांधलेल्या माणसाची बोटं येतील नेमकं तिथे, एक लूप होता. बोटभर लांब, पांढऱ्या सुती फितीचा, उशीच्या अभ्र्याला असते तसल्या. एवढ्या काळ्या नायलॉनमध्ये तो कुणाचा तरी विसरलेला रुमाल डोकावावा तसा दिसत होता. त्याच्या मुळाशी तीन उलटे टाके होते आणि त्या तिन्हींवर एक आडवा. पेन्सिलीचं टोक मोडलं.

आडवा टाका कुणी घालत नाही. मशीनवर त्यासाठी सुई वर करून, पट्टा काटकोनात फिरवून, पुन्हा दाबाखाली सरकवावा लागतो. एका टाक्यासाठी एवढा खटाटोप कोण करणार? तिचे वडील, अण्णा, करायचे. "तीन पट्ट्यासाठी, चौथा माझ्यासाठी," म्हणायचे. अण्णांना जाऊन चार महिने होऊन गेले होते. वर किती दिवस ते तिला पक्कं माहीत होतं, पण आपण मोजत नाही असं ती स्वतःला भासवत असे. या चार महिन्यांत अण्णा तिला कुठेकुठे भेटले होते: न्हाणीघरातल्या खुंटीवर, भाजी चिरताना सुरी उलटी धरल्यावर, समोरच्या घरातून येणाऱ्या खोकल्यात. त्या भेटींची तिला सवय झाली होती. पण सरकारी दालनात, पंधरा माणसांच्या देखत, पुराव्याचा क्रमांक चिकटवलेल्या खुर्चीवर ते भेटतील हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं दुसरी पेन्सिल उचलली. अध्यक्ष आले, सगळे उठले, तीही उठली, बसली, आणि तारीख लिहिली.

समितीपुढचा प्रश्न कागदावर एका ओळीचा होता: कोठडीतल्या माणसाला बांधून ठेवणारी साधनं वापरावीत की नाहीत, वापरली तर कशी. पण त्या ओळीच्या मुळाशी एक माणूस होता. तो रंगारी होता, घरांना रंग द्यायचा. मारामारीच्या आरोपावरून आत आला, तिसऱ्या दिवशी कोठडीच्या भिंतीवर डोकं आपटायला लागला, म्हणून त्याला दुपारी बाराला या खुर्चीत बांधलं. संध्याकाळी सातला सोडवायला गेले तेव्हा सोडवायला कुणी उरलं नव्हतं. पायात रक्ताची गाठ झाली आणि ती वर चढली, असं डॉक्टरांचं म्हणणं. नियम असा होता की दर पंधरा मिनिटांनी येऊन बघायचं आणि दर दोन तासांनी हातपाय मोकळे करायचे. नोंदवहीत पाहणीच्या अठ्ठावीस खुणा होत्या, अठ्ठावीसही एकाच शाईच्या, एकाच बाजूला कललेल्या, एका बैठकीत काढल्यासारख्या. त्यावर गेले सहा आठवडे वाद चालला होता. तुरुंगाचे अधीक्षक म्हणत, "बांधला नसता तर डोकं फोडून मेला असता. मग तुम्हीच आम्हाला विचारलं असतं, का नाही बांधला? आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमची गत." समितीवरचे डॉक्टर म्हणत, "बांधणं म्हणजे उपचार नव्हे, वेळ काढणं. तुम्ही सात तास काढलेत. त्या सात तासांत केलंत काय, एवढंच मी विचारतोय." दोघंही तळमळीनं बोलत. तिच्या वहीत दोघंही सारख्याच जाडीच्या रेषेत उतरत. लघुलिपीत तळमळीला खूण नाही. गप्प बसण्यालाही नाही. कुणी मान हलवली, ओठ चावला, रडू आवरलं, तर वहीत तेवढी जागा रिकामीही राहत नाही. पुढचं वाक्य मागच्याला खेटून येतं.

शेवटच्या रांगेत रंगाऱ्याची बहीण बसे. पन्नाशीची, कपड्यांना इस्त्री करून देणारी, उजव्या कोपराजवळ भाजल्याचा जुना डाग. दुकान बंद ठेवून ती रोज येई आणि मधल्या सुट्टीत जो भेटेल त्याला एकच विचारी, "तो जागा होता का हो? का झोपलेला?" तिनं वकिलांना विचारलं, दारावरच्या शिपायाला विचारलं, पाण्याचे पेले भरणाऱ्या बाईला विचारलं. एकदा लघुलेखिकेलाही विचारलं. "मला इथं बोलायची परवानगी नाही," लघुलेखिका म्हणाली, आणि ते खरंच होतं. पण तसं म्हणताना आपल्याला हायसं वाटलं हेही तिच्या लक्षात आलं. बहीण म्हणाली, "तुम्ही तर सगळंच लिहून घेता, म्हणून म्हटलं."

त्या दिवशी पहिली साक्ष रखवालदाराची होती. उंच, खांद्यात वाकलेला माणूस, घरून धुऊन आणलेला गणवेश. त्याची नजर खुर्चीकडे एकदाच गेली आणि चटका बसल्यासारखी परत आली. "अर्ध्या तासात झोपला होता, साहेब. मान खाली, एकदम गप्प. आधी किती आरडाओरडा! नंतर एकदम शांत."

"तुम्ही आत जाऊन बघितलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"खिडकीतून बघितलं ना. झोपलेल्या माणसाला कशाला उठवायचं? माझी आई म्हणते, झोपलेल्याला उठवलं की पाप लागतं."

"तुमची आई या समितीची सभासद नाही," अध्यक्ष म्हणाले. कुणीतरी हसलं. रखवालदारही कसनुसा हसला आणि मग त्यानं रुमालानं मानेमागचा घाम पुसला. तिनं सगळं लिहिलं, आईसकट. तुरुंगाचे वकील उठले. साधनात दोष नव्हता हे त्यांना ठसवायचं होतं. पट्ट्यांचा हा संच भांडारात वर्षानुवर्षं बंद पाकिटात होता, त्या दिवशीच पाकीट फोडून चढवला, त्याआधी कधी वापरला नाही आणि त्यानंतरही नाही. कोरे करकरीत पट्टे, म्हणाले, एक टाकासुद्धा उसवलेला नाही. भांडाराचा कागद त्यांनी पुढे केला. मग साधनांचे जाणकार म्हणून आलेले गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून खुर्चीजवळ गेले, एकेक पट्टा ओढून बघितला, वजन किती पेलतो ते सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "आणि हे पांढरं काय आहे?" जाणकारांनी वाकून बघितलं. "हे? चिठ्ठी अडकवायला असावं. कैद्याचा क्रमांक वगैरे." रखवालदार बसल्या जागेवरून म्हणाला, "हो हो, नंबर लावायला." आणि ते तसं नोंदवलं गेलं. तिनंच नोंदवलं. चिठ्ठी अडकवण्यासाठी. पण लिहिता लिहिता तिला दोन गोष्टी दिसल्या, आणि एकदा दिसल्यावर दिसेनाशा होईनात. डाव्या हाताखालचा लूप सपाट होता, इस्त्री केल्यासारखा, पाकिटातली घडी अजून तशीच. उजव्या हाताखालचा पिळून पिळून दोरीसारखा झाला होता. त्याचा पांढरा रंग गेला होता आणि कडेचे धागे सुटून आले होते.

अण्णा पट्टे शिवायचे. गल्लीत त्यांना पट्टेवाला म्हणत, आणि कुठल्या साहेबाच्या दारात उभे असता असं हसून विचारत. अण्णा म्हणत, "साहेब माझ्या पट्ट्यावर आडवे पडतात." रुग्णवाहिकेतल्या स्ट्रेचरचे पट्टे हे त्यांचं मुख्य काम. जिना उतरताना, गाडी वळताना माणूस खाली पडू नये म्हणून असतात ते. रस्त्यावरून भोंगा वाजवत गाडी गेली की अण्णा शिवण थांबवून मान तिरकी करत, जणू आतला पट्टा नीट बसलाय का ते त्यांना ऐकू येणार होतं. "बांधणं म्हणजे धरणं," ते म्हणत. "आपला हात पुरत नाही म्हणून पट्टा. दोन बोटं जागा सोडायची. दोन बोटं जातील एवढा सैल, तिसरं जाणार नाही एवढा घट्ट." ती अकरा वर्षांची असताना मालकानं नवं काम आणलं. खुर्च्यांचे पट्टे. अण्णांनी विचारलं, कुणासाठी? मालक म्हणाला, जे स्वतःला इजा करून घेतात त्यांच्यासाठी, त्यांच्या भल्यासाठीच. अण्णांना ते पटलं. त्यांच्या लेखी जगातले सगळे पट्टे माणसाच्या भल्यासाठीच होते. पण बांधून बघितल्याशिवाय पट्टा द्यायचा नाही हा त्यांचा नेम. स्ट्रेचरवर ते स्वतः आडवे पडून बघत, तशी नमुन्याची खुर्ची ते सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन आले. आई म्हणाली, "लग्नात एकदा बांधून घेतलंत, तेवढं पुरलं नाही वाटतं," आणि मावशीकडे निघून गेली. अण्णा खुर्चीत बसले. "ये गं वाळवी," त्यांनी हाक मारली. पुस्तकांत घुसते म्हणून ते तिला वाळवी म्हणत. "आवळ. दोन बोटं घालून बघ. आता घड्याळ बघ. पंधरा मिनिटांनी येऊन सोड."

तिनं घड्याळात बघितलं, शेजारच्या खोलीत जाऊन पुस्तक उघडलं. कुठलं पुस्तक होतं ते आता तिला आठवत नाही, एवढंच आठवतं की त्यात एक जहाज होतं आणि जहाजावर आजारी कप्तान होता, आणि कप्तान मरतो की जगतो हे कळल्याशिवाय पुस्तक खाली ठेवणं शक्य नव्हतं. कप्तान जगला. तिनं मान वर केली तेव्हा खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं होतं. ती धावत गेली. अण्णा तसेच बसले होते, सरळ, समोरच्या कपाटाकडे बघत. त्यांची विजार भिजली होती आणि खुर्चीखाली फरशीवर डबकं साचलं होतं. दोघांनीही त्याकडे बघितलं नाही. तिच्या बोटांना बकल सुटेना. "घाई नाही," अण्णा म्हणाले, "आधी खालचा दाब, मग ओढ." तिनं रडत विचारलं, हाक का नाही मारली? अण्णा म्हणाले, "मारली. दोनदा." मग बऱ्याच वेळानं, मनगट चोळत, तिच्याशी नव्हे तर आपल्या हाताशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दोनदा मारून बघितली की तिसरी निघत नाही गं. घशातच राहते. मग वाटतं, धरायला तरी काही हवं होतं." फरशी त्यांनीच पुसली. आईला यातलं कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकाला सांगितलं, आतल्या माणसाला स्वतःला सोडवता येईल असं काही करू या. मालक पोट धरून हसला. "मास्तर, मग खुर्ची कशाला? साधा पाटच देतो की!" तेव्हा अण्णांनी कुणाला न विचारता घरातून अभ्र्याची फीत नेली आणि प्रत्येक हाताच्या पट्ट्याखाली एकेक लूप शिवला. मालकाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी एवढ्याशा फितीसाठी कोण भांडणार. काही वर्षांनी त्या खुर्च्यांचं काम दुसरीकडे गेलं. घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे तेवढे बिनफितीचे राहिले आणि रात्रभरात उशा बाहेर येत.

"पुढे?" अध्यक्ष म्हणत होते. तिचा हात पुढे गेला होता, तिच्याशिवाय. हे बावीस वर्षांत शिकलेलं: हात ऐकतो, मन मागे राहिलं तरी चालतं. जाणकार पट्ट्याच्या रुंदीबद्दल बोलत होते, रुंद पट्टा रुतत नाही, वगैरे. रुतत नव्हता. रुग्णालयात अण्णांच्या मनगटांवरच्या पट्ट्याही रुतत नव्हत्या हे तिनं स्वतः बघितलं होतं. अण्णा शेवटच्या आठवड्यात माणसं ओळखेनासे झाले. नाकातली नळी उपटून काढत, सुई काढत. डॉक्टरीण तरुण होती, चार रात्री न झोपलेली. "हात बांधावे लागतील, त्यांच्याच भल्यासाठी. इथं सही करा, नातं लिहा." तिनं सही केली. नातं: मुलगी. नर्सनं मऊ बँडेजच्या पट्ट्यांनी दोन्ही मनगटं पलंगाच्या कठड्याला बांधली, आणि ती गेल्यावर मुलीनं पट्टीखाली दोन बोटं घालून बघितली. दोन जात होती, तिसरं जात नव्हतं. अगदी बरोबर बांधलं होतं. तिला बरं वाटलं होतं. अण्णांना दाखवावंसंही वाटलं होतं. अण्णांनी दोनदा काहीतरी म्हटलं, त्याचा शब्द होत नव्हता. नंतर ते गप्प झाले. फक्त त्यांच्या उजव्या हाताची बोटं कठड्याच्या खालच्या अंगाला सरकत होती, पुढे, मागे, पुन्हा पुढे, काहीतरी चाचपल्यासारखी. "हे काय करतायत?" तिनं विचारलं. नर्स वयस्कर होती, पुष्कळ बघितलेली. "चाळा असतो हो. शेवटी शेवटी सगळ्यांच्याच बोटांना चाळा लागतो. तुम्ही बसा, दमलायत." ती बसली. पिशवीत पुस्तक होतं. दुपार होती, वॉर्डात कुणाच्या तरी डब्याचा वास होता, पडदा वाऱ्यानं फुगत आणि बसत होता. तिनं एकतीस पानं वाचली. मग नर्सनं तिच्या खांद्याला हात लावला. "झोपेतच गेले बघा. शांत." त्या वाक्यावर तिनं चार महिने काढले होते. भाऊ नव्हता, आई आधीच गेलेली. सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं तेच वाक्य हातात दिलं, पाण्याच्या पेल्यासारखं, आणि प्रत्येकानं ते घेतलं. "चला, झोपेत गेले हे एक बरं." रात्री एकटी असली की ती स्वतःलाही तेच देई.

आता तो पिळलेला लूप समोर होता आणि ती बोटं तिला कळली. चाळा नव्हता तो. अण्णा शोधत होते. आपण इथंच शिवून ठेवला होता, इथंच कुठंतरी असणार, असं म्हणत ती बोटं कठड्याखालून सरकत होती, आणि ती स्वतः तीन हातांवर बसून पान उलटत होती. हे कळलं तेव्हा तिला रडू आलं नाही. फक्त दालनातले आवाज एकदम लांब गेले, जसं पाण्याखाली गेल्यावर काठावरचे जातात. तिनं मागच्या रांगेकडे बघितलं. बहीण मांडीवर हात ठेवून ऐकत होती. रखवालदारानं नुकतंच तिला ते वाक्य दिलं होतं: झोपलेला होता. तिच्या खांद्यांवरून दिसत होतं की ती ते घेऊ बघतेय. अजून पूर्ण घेतलं नव्हतं, पण हात पुढे केला होता. ते तिच्याकडे राहू द्यावं. झोपेत गेला. एवढ्यानं माणूस दुकान उघडू शकतो, इस्त्री तापवू शकतो. आणि लघुलेखिकेला बोलायची परवानगी नव्हती. हे सगळं तिनं ठरवलं, अगदी नीट ठरवलं, आणि हात लिहीत राहिला.

जेवणाच्या सुट्टीआधी डॉक्टर म्हणाले, "त्या पांढऱ्या लूपबद्दल नेमकं काय नोंदलं गेलंय? मला खात्री करायचीय." अध्यक्षांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. "बाई, वाचून दाखवा." हेही तिचंच काम. ती उभी राहिली, चार पानं मागे गेली, आणि वाचू लागली. लघुलिपी वाचताना ती अर्थाकडे बघत नसे. खुणेमागून खूण, तोंड आपोआप चाले.

"डॉक्टर: आणि हे पांढरं काय आहे? जाणकार: हे? चिठ्ठी अडकवायला असावं. कैद्याचा क्रमांक वगैरे. रखवालदार: हो हो, नंबर लावायला. चिठ्ठीसाठी नाही. ते धरायला आहे. बांधलेल्याच्या बोटांना धरायला काही हवं म्हणून."

ती थांबली. वहीत ते होतं, तिच्याच हातचं, इतर ओळींइतकंच स्वच्छ, मागच्या वाक्याला खेटून. तेवढ्या एका वाक्याला नाव नव्हतं.

"हे कोण म्हणालं?" अध्यक्षांनी विचारलं. जाणकार म्हणाले, मी नाही. रखवालदारानं दोन्ही हात वर केले. तुरुंगाचे वकील म्हणाले, "असं कुणीच म्हटलेलं नाही, यंत्र लावून बघा." कुणीतरी यंत्राकडे बघितलं. यंत्राचा तांबडा दिवा चालू होता.

आपल्याला अजून एक वाट आहे हे तिला दिसलं. चूक झाली, साहेब, माफ करा. बावीस वर्षांत पहिली चूक. सगळ्यांनी पोटात घातली असती. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"मी," ती म्हणाली.

"तुम्ही?" अध्यक्षांना राग यायचा होता, पण आश्चर्यच आधी आलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"तो माझ्या वडिलांनी शिवलाय."

मग ती साक्षीदाराच्या जागी गेली आणि तिनं सांगितलं. फार नाही. आडवा टाका, अभ्र्याची फीत, मालक हसला ते. अकरा वर्षांची मुलगी आणि जहाजाचं पुस्तक तिनं सांगितलं, डबकं नाही सांगितलं. तुरुंगाचे वकील मध्ये म्हणाले, बाईंना भावना आवरत नाहीयेत. तिला वाटलं, भावना? तिचा आवाज तर तोच होता, नोंद वाचायचा. "तुमच्या कागदाप्रमाणे पट्टे कोरे होते," ती वकिलांना म्हणाली, "एकदाच वापरलेले. डावा लूप अजून कोराच आहे. उजवा बघा. अर्ध्या तासात फितीचा असा पीळ होत नाही. झोपलेल्या माणसाकडून तर होतच नाही." डॉक्टर उठून खुर्चीजवळ गेले आणि गुडघ्यावर बसले. बराच वेळ ते नुसते बघत राहिले, हात लावला नाही. मग, अध्यक्षांकडे न बघता, त्यांनी मागच्या रांगेतल्या बाईला विचारलं, "तुमचा भाऊ कुठल्या हातानं रंग द्यायचा?"

बहीण उभी राहिली. "उजव्या," ती म्हणाली.

रखवालदारानं तोंड दोन्ही हातांत घेतलं होतं. "एकदा वाटलं होतं," तो म्हणाला, कुणी विचारलं नसताना. "खिडकीतून बोटं हलताना दिसली होती. वाटलं, चाळा असेल." अध्यक्ष म्हणाले, "नोंद करा." कुणी हललं नाही. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की नोंद करणारी साक्षीदाराच्या जागी उभी आहे, आणि ती परत येऊन टेबलाशी बसली, पेन्सिल उचलली, आणि लिहिलं: रखवालदार: चाळा असेल. मग पानं मागे उलटून, मघाच्या बिननावाच्या वाक्याआधी, जिथे बोलणाऱ्याचं नाव येतं तिथे तिनं क्षणभर विचार करून लिहिलं: पट्टे शिवणाऱ्याची मुलगी. उद्यापासून तिला या दालनात बसता येणार नाही असं अध्यक्षांनी सौम्यपणे सांगितलं. साक्षीदार आणि लघुलेखिका एकच कशी चालेल. "तुम्ही नियम जाणताच." ती जाणत होती.

बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बहीण बसली होती. तिला टाळून जाता आलं असतं, दुसरीकडूनही एक जिना होता. लघुलेखिका तिच्या शेजारी बसली, मध्ये पिशवीएवढी जागा सोडून. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणी ओरडून सांगत होतं, येऊ द्या, येऊ द्या, बास.

"म्हणजे जागा होता," बहीण म्हणाली.

"हो."

"सगळा वेळ?"

"पुष्कळ वेळ."

बहिणीनं मान डोलावली. भाजल्याच्या डागावरून ती अंगठा फिरवत राहिली. "मला वाटलंच होतं. झोपायचाच नाही तो दुपारचा. लहानपणी आई दार लावून घ्यायची तरी हा आपला खिडकीचा गज धरून उभा." मग म्हणाली, "राग नाही आला तुमचा. येईल कदाचित, घरी गेल्यावर. पण धरून बसला होता ना कशाला तरी. नुसता नव्हता." तिनं पहिल्यांदाच लघुलेखिकेकडे सरळ बघितलं. "तुमचे वडील आहेत?"

"नाहीत. चार महिने झाले."

"अगं बाई. तुम्ही होता ना जवळ?"

"होते. शेजारीच होते. वाचत बसले होते."

बहिणीचा अंगठा डागावर थांबला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, रुग्णालयाचं, कठड्याचं, सहीचं. पण वाचत बसले होते हे शब्द कसे बाहेर आले ते तिनं ऐकलं असावं, कपड्यावर पाणी शिंपडताच तो किती कोरडा आहे ते इस्त्रीवालीला कळतं तसं. मग तिनं हळूच विचारलं, "आणि त्यांना होतं का काही धरायला?"

"नव्हतं," ती म्हणाली.

चार महिन्यांत पहिल्यांदाच ते कुणीतरी ऐकून घेतलं. खालची गाडी एकदाची वळली आणि निघून गेली. दोघींपैकी कुणीही लगेच उठलं नाही.